पोरांना गळाचा नाद लावायचाय? आज्जापासनं नातवापर्यंत तो पुढं कसा द्यायचा, सुरुवातीपासनं सगळं

पोराच्या हातात पहिल्याच दिवशी रीळवाला रॉड देऊ नका. ऑनलाइन मागवलेला तो चकचकीत सेट, सोबत रबरी माशांची डबी, बघून पोरगं खूश होतंय खरं, पण दोन-चार रविवारांत रॉड कपाटावर जाऊन बसतो. कारण पोराला नदी माहीत नसते, मासा काय खातो ते माहीत नसतं आणि तासभर काहीच लागलं नाही तर करायचं काय हे कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या मते घरात हा नाद पुढं जातो तो कामातनं. गांडुळं कोण उकरणार, पेंड कोण मळणार, बादली कोण धरणार, आज्जाची पिशवी कोण घेणार. ज्या दिवशी पोराला वाटतं की आपण गेलो नाही तर घरच्यांचं अडणार, त्या दिवसापासनं त्याला वेगळं बोलवावं लागत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबानं लिहिलंय.

आधी घरातलं म्हातारं माणूस धरा

तुमच्या घरात गळ टाकणारा आज्जा, चुलता, मामा कुणीही असंल तर पहिलं काम त्यांच्यापाशी बसायचं. गळाची खरी माहिती कुठं लिहिलेली नसते, ती ह्या माणसांच्या डोक्यात असते, आणि "मला शिकवा" म्हटलं की ते म्हणणार "त्यात काय शिकवायचंय". तसं विचारूच नका. बारीक प्रश्न विचारा. कुठल्या डोहात वाम लागायची, पाणी गढूळ असताना काय लावायचा, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर किती दिवसांनी जायचा, मरळ कुठल्या गवतात असायची. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ठेवा आणि हे रेकॉर्डिंग पोरालाच करायला लावा.

मग एक दिवस त्यांना गाडीवर घालून त्या जागा बघायला न्या, गळ न घेता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्याकडं कोल्हापुरात कितीतरी ठिकाणी काठ तुटलेत, गाळ भरलाय, आज्जाच्या वेळचा डोह आता डोह राहिला असंल असं नाही. आज्जा काठावर उभा राहून "इथनं तिथपर्यंत पाणी होतं, ह्या दगडावर आम्ही बसायचो" असं सांगतो तेव्हा पोरगं नदीकडं वेगळ्या नजरेनं बघतं, आणि नदी सरकते, बदलते हेही त्याला तिथंच कळतं.

घरात असं कुणीच नसंल तर नदीकाठच्या भोई-कोळी मंडळींपाशी जाऊन बसा. त्यांचं पोट त्याच्यावर आहे, त्यांची जागा अडवू नका, जाळ्याजवळ गळ टाकू नका, मासे त्यांच्याकडनंच विकत घ्या आणि मग विचारा. एवढं केलं की माणसं मनापासून सांगतात.

जागा निवडताना

कोल्हापूरकरांना पाण्याची कमी नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते, शिवाय दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आहेतच. पण लहान पोरासाठी मोठी नदी ही पहिली जागा नव्हेच. गावातलं छोटं तळं, पाझर तलाव, नाहीतर ओढ्याचा उथळ भाग बघा, जिथं काठ सपाट आहे आणि पोरगं घसरलं तरी गुडघाभर पाण्यात उभं राहील.

तलाव असंल तर आधी चौकशी करा. बऱ्याच तलावांचा आणि धरणांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो, त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं, तिथं न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरून ऊस मोडण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीत नाहीतर संस्थेच्या माणसाला विचारा, कुठं थोडे पैसे देऊन परवानगी मिळते, कुठं नाही मिळत. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर गळ काढायचाच नाही. पोरासमोर परवानगी मागा, त्याला ते दिसू दे.

पंचगंगेवर जायचंच असंल तर पाणी बघून जा. उन्हाळ्यात पाणी तुंबून काळंहिरवं झालेलं असतंय, वास येतोय, मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसतायत, असं असंल तर समजायचं पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय. तिथले मासे हाताला सहज लागतात म्हणून लोक पोती भरून नेतात, तुम्ही नेऊ नका आणि खाऊ नका. पोरानं विचारलं असं का झालं तर खरं सांगा, सांडपाणी नदीत जातंय म्हणून. ज्याला मासा आवडतो त्याला नदीची काळजी आपोआप लागते, हे मी माझ्या घरातच बघितलंय, माझी पुतणी रंकाळा तळ्यावर निर्माल्याची पिशवी पाण्यात टाकणाऱ्याला थांबवून बोलती.

जीव आधी

हा भाग लांबलाय, पण वगळू नका.

पोहायला आधी शिकवा. आपल्याकडं पाठीला डबा बांधून विहिरीत टाकायची पद्धत होती, आता क्लास आहेत, कसंही शिकवा पण शिकवा, आणि आलं तरी दहा वर्षाखालच्या पोराला काठावर लाइफ जॅकेट घाला.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बसून गळ टाकणारे लई दिसतात. पोरांना घेऊन बंधाऱ्यावर बसायचं नाही. शेवाळ असतं, आणि बरगे काढलेल्या गाळ्यातनं पाणी ज्या ओढीनं जातं त्यात पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. बंधाऱ्याच्या खाली, लांब, संथ पाण्यात बसा.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बातम्यांत रोज येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथल्या पोराठोरांनाही पाठ आहे. पण ह्या आकड्यांच्या कितीतरी खाली असतानाही काठ निसरडे असतात आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी वाढत येतं, तेव्हा पाऊस लागला की गळ बंद, त्यावर घरात चर्चा करायची नाही.

शेतीपंपाच्या मोटारी आणि त्यांच्या केबली नदीकाठाला सगळीकडं पडलेल्या असतात. तिथं गळ टाकायचा नाही, केबलीला हात लावायचा नाही, अडकलेला दोरा काढायला तर अजिबात जायचं नाही. वरनं विजेची तार जात असंल तिथं लांब काठी उभी करायची नाही, कार्बनचा रॉड तर करंट चटकन घेतो. शिरोळ भागात कृष्णेकडं मगरी आहेत, तिकडं गावकऱ्यांना विचारून बसा आणि पाण्यात पाय सोडून बसू नका.

पहिल्या काही फेऱ्या गळाशिवाय

चार-पाच वर्षाच्या पोराला गळ नकोच. त्याला चिरमुरे द्या. तळ्याच्या काठाला बसून चिरमुरे टाकायचे आणि कोण वर येतंय ते बघायचं. सावली पाण्यावर पडली की मासे कसे पळतात, पाय आपटला की काय होतं, हे त्याचं त्याला दिसू दे. पुढं काठावर गप्प बसायला सांगताना ह्याचा उपयोग होतो, कारण गप्प का बसायचं ते त्यानं स्वतः बघितलेलं असतं.

गांडुळं (आमच्याकडं दानवं म्हणतात) उकरायचं खातं पोराला देऊन टाका. शेणखताच्या उकिरड्याच्या कडेला, मोरीचं पाणी जातं तिथल्या केळीच्या बुडाला, ओल्या पालापाचोळ्याखाली मिळतात. डब्याच्या झाकणाला भोकं पाडायची, आत ओलसर माती आणि पाला, आणि डबा सावलीत. उन्हात ठेवला तर सगळी मरतात आणि असा वास सुटतो की पुन्हा डबा उघडवत नाही. घरी परत आल्यावर उरलेली दानवं बागेत सोडायची, हेही त्याचंच काम.

पहिला गळ घरी बनवा

सात-आठ वर्षाचं झालं की कळकाचा (बांबूचा) गळ. विकत घेऊ नका, आज्जा आणि नातवंडानं मिळून बनवायचा.

मेसकाठी नाहीतर बारीक कळक घ्या, पोराच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट, शेंडा लवचिक पायजे. ओला कळक लगेच वापरायचा नाही, पानं-फांद्या तासून सावलीत आडवा ठेवून वाळवा, उन्हात तडकतो. पेरं काचपेपरनं घासून घ्या म्हणजे हाताला सल लागत नाही. मग शेंड्याला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधायचा. चिलापीसाठी ०.२० मिलीमीटर जाडीचा पुरतो, रोहू-मृगळ धरायचे असले तर ०.३० ते ०.३५. दोऱ्याची लांबी काठीएवढीच ठेवा, जास्त झाली की तो झाडात, बहिणीच्या केसात, सगळीकडं अडकतो.

गरीचे (दोऱ्याच्या टोकाच्या आकड्याचे) नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की गरी लहान. पोरांसाठी १० किंवा १२ नंबर घ्या. आणि घेतल्या घेतल्या पकडीनं गरीचा आतला उलटा काटा दाबून सपाट करा, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे. सपाट काट्यातनं एखादा मासा सुटतो, सुटू दे, पण बोटात घुसली तर आली तशी निघते आणि सोडायचा मासाही फाटत नाही. काटेवाली गरी खोल रुतली तर घरी ओढत बसू नका, दवाखान्यात जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

तरंगीला (दोऱ्यावर पाण्यात तरंगणारी खूण) ज्वारीच्या वाळलेल्या धाटाचा बोटभर तुकडा बेस्ट. वरची साल काढून आतला हलका गाभा, त्यातनं दोरा ओवायचा आणि बारीक काडीनं घट्ट करायचा, म्हणजे वर-खाली सरकवून खोली बदलता येते. वरच्या टोकाला आज्जीचं लाल नेलपॉलिश लावलं तर लांबनं दिसतं. शिशाचा मणी गरीपासनं वीतभर वर. जुनी माणसं शिसं दातानं दाबतात, पोरांना तसं करू देऊ नका, शिसं विषारी आहे, पकड वापरायची आणि खायच्या आधी हात धुवायचे.

गाठ अशी: दोरा गरीच्या नेढ्यातनं ओवा, टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे फिरवा, मग ते टोक नेढ्यालगत जी बारीक फट राहिलेली असते तिच्यातनं घाला, थुंकीनं ओलं करा आणि हळूहळू ओढा. कोरडी ओढली तर तंगूस घासून गरम होतो आणि कमजोर पडतो. ही गाठ आधी जाड सुतळी आणि दाराच्या कडीवर शिकवा, टीव्ही बघता बघता पोरं शिकतात. एकदा जमली की पुन्हा त्याची गाठ तुम्ही बांधायची नाही, तुटली तर त्यानंच बांधायची.

काय लावायचं

दानवं सगळ्यांना चालतात, चिलापी, शिंगटा, वाम, सगळे. रोहू-मृगळसाठी शेंगपेंड भिजवून, त्यात कणीक आणि थोडा भाजलेला भाताचा कोंडा घालून घट्ट मळायचं, गोळी पाण्यात पाच-दहा मिनिटं टिकली पायजे. आधी घरी तांब्यात टाकून बघा, लगेच विरघळली तर कणीक वाढवा. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, कुणी हिंग घालतं, कुणी बडीशेप, कुणी गूळ, आणि जो तो आपलाच खरा म्हणतो. तुमच्या घरचा जो असंल तो पोराला मापासकट लिहून घ्यायला लावा, कारण आज्जा "अंदाजानं" म्हणतो आणि तो अंदाज आज्जाबरोबर जातो.

कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. एवढं कळलं की तरंगी कुठं सरकवायची ते पोरगं स्वतःच ठरवायला लागतं.

काठावर

पोरांबरोबरची बैठक दीड-दोन तासांची ठेवा. उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर, थंडीत मात्र पाणी गार असतं तेव्हा जरा ऊन चढू द्या. सुरुवात करायला दिवाळीची सुट्टी मला सगळ्यात चांगली वाटते, पाऊस सरलेला, बरगे घातलेले, पाणी निवळत आलेलं. सोबत पाणी, टोपी, भडंग नाहीतर धपाटी, आज्जासाठी घडीची खुर्ची आणि त्यांची गोळ्यांची पुडी.

तरंगी वाचायला शिकवणं हा मला सगळ्यात आवडता भाग. चिलापी टुकटुक करते, तरंगी नाचते आणि मग आडवी सरकते. रोहू तिरका ओढत खाली नेतो. मृगळ तळातनं आमिष उचलतो तेव्हा शिशाचा भार उचलला जातो आणि तरंगी बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवी पडते, नवीन माणूस इथं हमखास फसतो. शिंगटा एकदम डुबकन नेतो. वाम संध्याकाळनंतरची, हळू ओढत दगडाच्या फटीत घेऊन जाते, तिथं उशीर केला की दोरा गेला. पोराला आधी नुसतं सांगायला लावा, "आता कोण असंल?", आणि मासा वर आल्यावर बघायचं बरोबर आलं का. आज्जा आणि नातू ह्यात इतके रंगतात की मध्ये बोलायची सोय राहत नाही.

झटका मनगटानं, थोडासा. हिसडा मारला की मासा डोक्यावरनं मागं उसात जातो. मासा मोठा असंल तर काठी उभी धरायची, तिला वाकू द्यायचं, मासा दमंपर्यंत थांबायचं आणि हातजाळीनं घ्यायचा. तुम्ही काठी हातातनं काढून घेऊ नका. मासा सुटला तरी चालंल, पण बापानं ऐन वेळी काठी ओढून घेतलेली पोरं विसरत नाहीत.

शिंगट्याला पोरांना हात लावू देऊ नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे टोकदार काटे असतात, लागले की आग होते. लागलंच तर जखम धुवून सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, बरं वाटतं, सूज वाढली तर डॉक्टर.

सोडायचा मासा ओल्या हातानं धरा आणि चटकन सोडा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. ठेवायचा असंल तर तडफडत ठेवू नका, डोक्यावर एक फटका देऊन लगेच मारा. पोरासमोर करा. रडलं तर रडू दे, जवळ घ्या, नको म्हटलं तर त्या दिवशी सोडून द्या. एक गोष्ट पक्की ठेवा: खाणार तेवढेच घरी न्यायचे.

रिकाम्या हातानं परत येताना

असे दिवस जास्त असणार. त्या दिवशी वाटेत बाजारातनं मासे घेऊन "आम्ही धरले" असं घरी सांगायची चेष्टा करू नका, पोरगं खोटं बोलायला शिकतं. त्यापेक्षा वही काढा. तारीख, जागा, पाणी कसं होतं, काय लावलं, काय दिसलं. खंड्या दिसला, पाणकावळे दिसले, तेही. आणि काठावरचा तुटलेला तंगूस गोळा करून आणा, तुमचा असो नाहीतर दुसऱ्याचा, बगळ्यांच्या पायात तो अडकतो आणि पाय जातो.

घरी आल्यावर

बऱ्याच घरांत गळ पुरुषांचा आणि मासा साफ करणं बायकांचं. हे मोडा. जो धरतो तो साफ करतो, आणि पोरींनाही काठावर न्या. माझी आज्जी चुलीतली राख लावून मासा धरायची, हातातनं निसटत नाही, आणि शेपटाकडनं डोक्याकडं खवलं काढायची. नदीच्या माशाला चिखलाचा वास असतो, त्याला मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवायचं, मग धुवायचं. कांदा-लसूण चटणी लावून तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर, नाहीतर पातळ तांबडा रस्सा आणि भाकरी. लहान पोरांना मरळ, वाम, शिंगटा द्या, त्यांत बारीक काटे कमी. रोहू-मृगळच्या पाठीत वाय आकाराचे बारीक काटे असतात, ते मोठ्यांनी निवडून द्यायचे. पहिला तुकडा धरणाऱ्याला, असा घरचा नियम करा.

पावसाळ्यात काय

पहिल्या पावसात ओढ्या-वगळीतनं मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात, चढणीचे मासे, आणि आख्खं गाव बुट्ट्या, काठ्या, जाळी घेऊन पळतं. मला माहीत आहे ह्याची मजा किती आहे ते, कित्येकांचं लहानपण त्यातच गेलंय. पण हे मासे अंडी घालायला वर निघालेले असतात, पोटं गाभोळीनं भरलेली असतात, आणि ती एक मादी धरली की हजारो पिल्लं गेली. पोरांना चढण बघायला न्या, जरूर न्या, पण सुरक्षित उंचीवरनं आणि हात मोकळे ठेवून. एखादा आज्जा ह्यावर रागावंल, "आम्ही आयुष्यभर धरले" म्हणंल, त्यांना विचारा तेव्हा किती लागायचे आणि आता किती लागतात. उत्तर त्यांच्याकडंच आहे.

तसंच पाण्यात बारीक लाल-केशरी पिल्लांचा घोळका दिसला की जवळच मरळ राखण करत असते, तिथं गळ टाकायचा नाही. चिलापीची मादी तर अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते. सुरुंग लावणं आणि पाण्यात विष टाकणं ह्याला १८९७ च्या कायद्यापासनं बंदी आहे, तरी लोक करतात, तारेचा करंट सोडतात, त्यात माणसंही मरतात. असं चाललेलं दिसलं तर पोरांना घेऊन तिथनं निघा आणि पोलीस पाटलांना कळवा. आणि पाळलेले मांगूर, फिशटँकमधले मासे नदीत सोडायचे नाहीत, आपले मासे संपतात.

ह्या चार महिन्यांत सामान. कळक तेलाच्या फडक्यानं पुसून आडवा टांगा, गऱ्या कोरड्या डबीत, तंगूस उन्हापासनं लांब, आणि गेल्या वर्षीचा असंल तर बदला.

तेरा-चौदाव्या वर्षी

इथं बरीच पोरं सुटतात, क्लास, मोबाईल, मित्र. ओढून नेऊ नका. उलट आता रीळवाला रॉड द्या, आता त्याला त्याची किंमत कळते, आणि त्याच्या मित्रांना सोबत घ्या. सकाळची जागा त्याला निवडू दे, चुकीची निवडली तरी तिथंच बसा. फोटो काढून टाकू दे की, फक्त जागेचं लोकेशन टाकायचं नाही.

आणि घरात धाकटं भावंडं असंल तर त्याला शिकवायचं काम ह्याच्याकडं द्या. सुतळी, दाराची कडी, गाठ, तीच सुरुवात. तुम्ही आणि आज्जा बाजूला बसा, चूक दिसली तरी लगेच बोलू नका, धाकट्यानं विचारलं तर म्हणायचं, दादाला विचार, नाहीतर ताईला विचार.